हेडफोन घेताना काय पाहायचं आणि आवाज बिघडला तर कुठून सुरुवात करायची: नागपूरवाल्यांसाठी सविस्तर गाईड

हेडफोन कोणता घेऊ असं कोणी विचारलं की लोक लगेच मॉडेलची नावं फेकायला लागतात. नाव शेवटी येतं भाऊ. आधी हे ठरवा की तुम्ही ऐकणार कुठे आणि कशाला लावून. मेट्रोत खापरीपासून बर्डीपर्यंत (म्हणजे सीताबर्डी) उभं राहून ऐकणारा, मिहानमधल्या ऑफिसात दिवसभर कॉलवर असणारा, आणि रात्री खोलीचं दार लावून निवांत रागदारी ऐकणारा, या तिघांना एकच हेडफोन आवडणं कठीण आहे.

दुसरी गोष्ट, आवाज कानापर्यंत येतो तो एका साखळीतून येतो. गाण्याची फाईल, मग ॲप, मग फोन किंवा लॅपटॉप, मग ब्लूटूथ किंवा वायर, मग ड्रायव्हर म्हणजे हेडफोनच्या आतला छोटा स्पीकर, मग कानावरची गादी किंवा कानातली रबरी टिप, आणि शेवटी तुमचा कान. घेताना ही साखळी डोक्यात ठेवली तर पैसे वाचतात आणि बिघडल्यावर ठेवली तर हेडफोन वाचतो, काऊन की लोक ज्याला खराब समजून फेकून राहिले त्यातल्या भरपूर पीसमध्ये दोष हेडफोनचा नसतोच.

जागा आणि कूलर

मार्च संपता संपता आपल्याकडे खिडक्यांना कूलर लागतात आणि पाऊस येईपर्यंत घरात घर्रर्र चालूच राहते. हा मुद्दा मोठमोठ्या रिव्ह्यूवाल्यांच्या यादीत नसतो पण नागपुरात निवड करताना तो एक नंबरचा आहे. ओपन-बॅक हेडफोन, म्हणजे ज्याच्या कपाला मागून जाळी असते, त्याचा आवाज मोकळा आणि ऐसपैस येतो, कानाला हवाही लागत राहते, म्हणजे उन्हाळ्यासाठी झकास, पण त्याच जाळीतून कूलर पण आत येतो आणि तानपुरा त्या घरघरीत गायब होऊन जातो. शिवाय तुमचं गाणं बाजूला बसलेल्याला पूर्ण ऐकू जाते. क्लोज्ड-बॅक घेतला तर कूलर बऱ्यापैकी अडतो पण अर्ध्या तासात कान घामाने चिपचिप. माझं मत विचाराल तर घरात एसी असेल किंवा कूलर बंद करून ऐकायची सोय असेल तरच ओपन-बॅकवर पैसे टाका, बाकीच्यांनी नीट बसणारे इन-इअर घ्यावे, घाम कमी आणि बाहेरचा आवाजही अडतो.

आता नॉइज कॅन्सलिंग, म्हणजे एएनसी. याच्यात बाहेरचा आवाज छोट्या माईकने पकडतात आणि बरोबर त्याच्या उलटी लहर हेडफोनमधून सोडतात, दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. ही कल्पना अमर बोस यांच्या डोक्यात १९७८ मध्ये झुरिकहून येताना विमानात आली, विमानाच्या इंजिनच्या आवाजाने वैतागून, आणि तसा हेडसेट बाजारात यायला १९८९ उजाडलं, तोही वैमानिकांसाठी. इंजिनचा आवाज म्हणजे खालच्या सुरातला आणि एकसारखा, आणि एएनसी आजही तशाच आवाजावर सगळ्यात जास्त चालतो. म्हणून कूलरच्या पंख्याची घरघर, बसचं इंजिन, रेल्वेच्या डब्यातली धडधड हे मस्त कमी होते. पण कुकरची शिट्टी, हॉर्न, शेजारच्या टेबलवरच्या गप्पा हे तेवढे जात नाही, ते अडवायचं काम टिप किती घट्ट बसली यावर आहे. तेव्हा एएनसी घेतलं तरी बायको हाक मारते ते ऐकू येतंच अशी तक्रार घेऊन दुकानात जाऊ नका.

घाम आणि धुळीसाठी आयपी रेटिंग पाहा. आयपीएक्स४ म्हणजे चहूबाजूंनी उडालेलं पाणी चालते, आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. यातला एक्स म्हणजे धुळीची टेस्ट सांगितलेलीच नाही. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये जी धूळ उडते ती पाहता आयपी५५ सारखा, धुळीचाही आकडा असलेला पीस मिळाला तर बरं. आणि हो, रेटिंग इअरबडला असते, चार्जिंगच्या डबीला बहुतेक वेळा नसते, ओल्या हाताने डबी उघडू नका.

डबीवरचे आकडे: कोणते वाचायचे, कोणते सोडायचे

२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ. हे जवळपास प्रत्येक डबीवर असते आणि याचा उपयोग जवळपास शून्य आहे. माणसाचं ऐकणं साधारण तेवढंच असते, आणि वय वाढलं की वरची बाजू कमी होत जाते. खरा प्रश्न असा की या पट्ट्यात कुठला सूर किती जोरात वाजतो, ते डबीवर नाही लिहीत. ४० एमएमचा ड्रायव्हर, ५० एमएमचा ड्रायव्हर, हाही तसाच आकडा, मोठा म्हणजे चांगला असं काही नसते. 'एक्स्ट्रा बेस' लिहिलेलं दिसलं तर समजा की ढोल-ताशा पथक जवळून ऐकायला मिळेल पण गायकाचा आवाज मागे जाईल.

ज्याला थोडं खोलात जायचं त्याने फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्सचा, म्हणजे हेच दाखवणारा, ग्राफ पाहावा, भरपूर मॉडेलचे नेटवर फुकट मिळतात. हर्मन या ऑडिओ कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना वेगवेगळे हेडफोन ऐकवून, बहुतेकांना कसा आवाज आवडतो त्याची एक रेषा काढली, तिला हर्मन टार्गेट म्हणतात. ती काही गीता नाही, पण एखाद्या हेडफोनचा ग्राफ त्या रेषेच्या किती वर किंवा खाली जातो हे पाहिलं की न ऐकताही अंदाज येतो. साधारण ५ ते १० किलोहर्ट्झच्या मध्ये रेषेच्या वर उंच टोक दिसलं तर स, श, च टोचणार. २०० हर्ट्झच्या आजूबाजूला फुगवटा असेल तर आवाज जाडाभरडा.

कामाचे आकडे दोन आहेत: ओहम आणि सेन्सिटिव्हिटी. ओहममध्ये इम्पीडन्स मोजतात, म्हणजे हेडफोन करंटला किती अडवतो ते, आणि सेन्सिटिव्हिटी म्हणजे तेवढ्याच ताकदीवर तो किती मोठा वाजतो ते. १६ किंवा ३२ ओहमवाला फोनवर आरामात वाजतो. बायरडायनामिकचा डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहममध्ये मिळतो, दिसायला जवळपास सारखे, आणि लोक सेलमध्ये स्वस्त दिसला म्हणून २५० वाला उचलतात, मग फोनला लावला की पूर्ण व्हॉल्यूमवर पण मिणमिण. सेन्हायझरचा एचडी ६०० तर ३०० ओहमचा आहे, सुंदर आवाज, पण त्याला ॲम्प, म्हणजे आवाजाची ताकद वाढवणारं वेगळं यंत्र, पाहिजे. उलट सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ पासून स्टुडिओत चालत आलेला क्लोज्ड-बॅक ६३ ओहमचा असूनही साध्या लॅपटॉपवर मोठा वाजतो, कारण त्याची सेन्सिटिव्हिटी जास्त आहे. म्हणजे नुसता ओहम पाहून ठरवायचं नाही, दोन्ही आकडे जोडीने पाहायचे.

ब्लूटूथवाल्यांनी कोडेक, म्हणजे ब्लूटूथवरून पाठवायला आवाज दाबून लहान करायची पद्धत, पाहावा पण त्याचं टेन्शन घेऊ नये. एसबीसी सगळ्यात असतोच. आयफोनवर एसबीसी आणि एएसी एवढंच चालते, त्यामुळे आयफोनवाल्याने एलडॅक किंवा ॲप्टएक्ससाठी जास्तीचे पैसे दिले तर ते पाण्यात. अँड्रॉइडवर एलडॅक ३३०, ६६० आणि ९९० केबीपीएसवर (सेकंदाला किती डेटा जातो ते) चालतो, पण ९९० वर गर्दीच्या जागी तुटतो. बर्डीच्या इंटरचेंजवर संध्याकाळी सगळ्यांच्याच कानात ब्लूटूथ असते, तिथे ९९० चा हट्ट धरला तर गाणं तुकड्या-तुकड्याने ऐकायला मिळेल. खरं सांगायचं तर चांगल्या ट्यूनिंगचा, म्हणजे कुठला सूर किती जोरात ते नीट बसवलेला, एसबीसीवाला हेडफोन खराब ट्यूनिंगच्या एलडॅकवाल्यापेक्षा चांगलाच वाजतो.

वायर की ब्लूटूथ

नुसता आवाज पाहिजे आणि पैसे कमी आहेत तर वायर घ्या, यावर मी वाद घालायला तयार आहे. त्याच पैशात ब्लूटूथमध्ये बॅटरी, चिप, माईक, डबी सगळं बसवायचं असते आणि ड्रायव्हरच्या वाट्याला उरलेलं येते. दोन हजारांच्या आत-बाहेर आजकाल जे वायरवाले आयईएम, म्हणजे कानात बसणारे इन-इअर, मिळून राहिले, त्यांची ट्यूनिंग दहा वर्षांपूर्वी एवढ्या पैशात मिळत नव्हती. त्यातही वायर निघणारी असेल असा घ्या, कारण इअरफोनमध्ये पहिले वायरच मरते, आणि नुसती वायर बदलता आली तर पीस वर्षानुवर्षं चालतो.

फोनला जॅक नसेल तर टाइप-सीचा डोंगल लागतो. इथे एक गोम आहे. काही डोंगल नुसते तार जोडून देणारे असतात, ते सगळ्या फोनवर चालत नाहीत, काहींच्या आत स्वतःचा डॅक, म्हणजे डिजिटल फाईलचं आवाजाच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारी चिप, असतो, ते जवळपास सगळीकडे चालतात. दुकानदाराला सरळ विचारा, "भाऊ, याच्यात डॅक आहे का?" तो गोंधळला तर तिथेच आपला फोन लावून वाजवून पाहा. ॲपलचा डोंगल छोटा आणि चांगला आहे पण बऱ्याच अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज कमी येतो, हे आधी माहीत असलेलं बरं.

कॉल, जिम, सकाळचं फुटाळा तलावावरचं फिरणं यासाठी ब्लूटूथच सोयीचं, त्यात वाद नाही. गाडी चालवताना मात्र कोणताच नको, आपल्या चौकांमध्ये हॉर्न ऐकू येणं गरजेचं आहे.

दुकानात ऐकून पाहताना

दुकानदार त्याच्या फोनवरचं धडाकेबाज गाणं लावून देतो आणि मोठ्या आवाजात लावतो, मोठा आवाज कोणालाही आधी चांगलाच वाटतो. म्हणून आपला फोन, आपली गाणी, आणि दोन हेडफोन तुलना करून राहिले असाल तर दोघांचा आवाज अंदाजाने सारखा करून मगच ठरवा. गाणी ऑफलाइन डाउनलोड करून न्या, बाजारात नेट रडते आणि ॲप गुपचूप क्वालिटी खाली करते.

काय ऐकायचं? मी चार प्रकार सांगतो. एक, तबला असलेलं काहीही, त्यात डग्ग्याचा घुमारा संपतो कुठे ते ऐका, नुसता धप्प आवाज आला आणि मींड, म्हणजे सरकत जाणारा सूर, ऐकूच आली नाही तर बेस सैल आहे. दोन, तानपुरा चालू असलेलं शांत गाणं, मागे त्याच्या तारा वेगवेगळ्या ऐकू आल्या पाहिजेत. तीन, बाईचा उंच आवाज, स आणि श वर कान आक्रसतो का पाहा, दुकानात दोन मिनिटं सहन होते पण घरी तासाभरात डोकं धरते. चार, जुनं मोनो रेकॉर्डिंग, हे फार कामाचं आहे, काऊन की मोनोमध्ये दोन्ही कानांत अगदी सारखाच आवाज असतो, त्यामुळे गायक बरोबर डोक्याच्या मध्ये उभा राहिला पाहिजे. तो डावीकडे किंवा उजवीकडे सरकलेला वाटला तर त्या पीसच्या दोन बाजू सारख्या नाहीत, दुसरा पीस मागा.

इन-इअर असेल तर टिप बदलून ऐकल्याशिवाय निकाल देऊ नका. डबीत लहान-मध्यम-मोठ्या टिप असतात, आणि दोन कानांना वेगवेगळी साईज लागणं एकदम नॉर्मल आहे. टेस्ट सोपी आहे, बेसवालं गाणं लावून इअरफोन बोटाने हलकेच आत दाबा, बेस एकदम वाढला तर टिप लहान आहे. ओव्हर-इअरवाल्यांनी चष्मा घालून ऐकावं, चष्म्याची काडी गादीखालून फट पाडते आणि बेस तिथून पळून जातो.

बिल पक्कं घ्या, जीएसटीचं, त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या. फुटपाथवर "सेम कंपनीचंच आहे साहेब, फक्त डबी नाही" असं सांगून जे मिळते ते सेम कंपनीचं नसते. खूप गाजलेल्या मॉडेलची नक्कल इतकी हुबेहूब येऊन राहिली की फोनला जोडल्यावर तसंच पॉप-अपही दाखवते, तेव्हा कंपनीच्या साईटवर किंवा ॲपमध्ये सिरियल टाकूनच खात्री करा. आणि "महिनाभर वाजवा मग खुलेल" या बोलण्यावर जाऊ नका. जास्त करून तुमचा कानच त्या आवाजाला सरावतो, तोपर्यंत परत करायची मुदत निघून जाते.

घरी आणल्यावर

पहिले ॲपची क्वालिटी वर करा. स्पॉटिफायमध्ये वेरी हाय म्हणजे साधारण ३२० केबीपीएस, ते प्रीमियममध्ये मिळते, आणि डेटा सेव्हर चालू असेल तर बंद करा. वायफायसाठी वेगळी सेटिंग आणि मोबाईल डेटासाठी वेगळी असते, लोक एकच बदलतात. मग फोनमधले सगळे इफेक्ट बंद करा, डॉल्बी, बेस बूस्ट, सराऊंड जे असेल ते, आणि हेडफोनच्या ॲपमधलाही इक्वलायझर फ्लॅट ठेवा. आधी साधा आवाज ऐका आणि नंतर पाहिजे तिथे एकाच ठिकाणी इक्वलायझर लावा. फोनमध्ये एक, ॲपमध्ये एक आणि हेडफोनच्या ॲपमध्ये एक असे तीन इक्वलायझर एकावर एक चढवले की आवाज फाटणारच. सूर वाढवण्यापेक्षा कमी करून पाहा, बेस कमी वाटत असेल तर वरचा भाग थोडा खाली आणा. वाढवायचंच असेल तर इक्वलायझरमधला प्री-ॲम्प, म्हणजे एकूण पातळीचा स्लायडर, तेवढाच खाली घ्या, नाहीतर मोठ्या जागी क्लिपिंग होते, म्हणजे आवाज चिरका होतो.

व्हॉल्यूमबद्दल एकदाच सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा की ८० डेसिबल आठवड्याला ४० तासांपर्यंत चालते, ९० डेसिबल झाला की आठवड्याला फक्त ४ तास. कूलरच्या वर आवाज नेण्यासाठी माणूस व्हॉल्यूम वाढवत जातो आणि ९० कधी गाठला कळत नाही. एएनसी किंवा घट्ट टिपचा खरा फायदा हाच की कमी व्हॉल्यूमवर ऐकता येते.

आता बिघाड

नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट बदला. फोन बदलून पाहिला, मग गाणं बदललं, मग वायर, मग टिप, असं एकेक. सगळं एकदम बदललं आणि चालू झालं तर कशाने चालू झालं ते कळणार नाही आणि पुढच्या वेळी परत तोच खेळ. पहिला प्रयोग नेहमी हा: तोच हेडफोन दुसऱ्या फोनला, आणि दुसरा हेडफोन आपल्या फोनला. पाच मिनिटांत कळते दोष कोणत्या बाजूला आहे.

एका बाजूने आवाज कमी. सगळ्यात जास्त येणारी तक्रार. आधी इअरफोन उलटे घाला, डावा उजव्या कानात आणि उजवा डाव्या कानात. कमी आवाज पीससोबत दुसऱ्या कानात गेला तर दोष पीसमध्ये किंवा फोनमध्ये, त्याच कानात राहिला तर दोष कानात. हसू नका, कानात मळ साचलेला असतो किंवा सर्दीने कान बंद झालेला असतो आणि लोक हेडफोन बदलत बसतात. एका कानाचं ऐकणं अचानक, एका दिवसात कमी झालं असेल आणि सर्दी वगैरे काही नसेल तर मेडिकल, मेयो या सरकारी दवाखान्यांत किंवा आपल्या नेहमीच्या कान-नाक-घसा डॉक्टरकडे लगेच जा, पुढच्या आठवड्यावर टाकू नका, त्यात लवकर उपचार झाला तर फरक पडतो.

दोष कानात नाही असं निघालं तर आधी फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये डावा-उजवा बॅलन्सचा स्लायडर पाहा, तो कधीतरी चुकून सरकलेला असतो. मग टिप काढून जाळी उजेडात पाहा. पिवळट मळ दिसला तर इअरफोनचं तोंड खाली करून कोरड्या मऊ ब्रशने झाडा. तोंड वर ठेवून घासलं तर मळ आत जातो. थेट आत स्पिरिट ओतू नका, फुंकर मारू नका, सुई तर अजिबात नको. जाळी साफ झाल्यावर आवाज परत पहिल्यासारखा येतो असे कितीतरी पीस असतात.

एक बड जोडलाच जात नाही. बहुतेक वेळा तो चार्जच झालेला नसतो. घामाचं मीठ आणि धूळ मिळून डबीतल्या पिना आणि बडच्या पितळी ठिपक्यांवर थर बसतो. कापसाच्या काडीला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, वाळू द्या, मग दोन्ही बड डबीत ठेवून कंपनीने सांगितल्याप्रमाणे रिसेट करा, फोनमधून जुनं नाव फर्गेट करा आणि नव्याने जोडा. घरातल्या दुसऱ्या फोनशी किंवा टीव्हीशी जोडलेलं नाव राहिलं असेल तर तिकडूनही काढा, नाहीतर एक बड इकडे आणि एक तिकडे पळतो.

गाणं वाजते पण गायकच गायब. हा भन्नाट प्रकार आहे. वाद्यं ऐकू येतात, कोरस लांबून येतो, आणि मधला मुख्य आवाज नाही. कारण असं की ३.५ एमएमच्या जॅकमध्ये डाव्या-उजव्या बाजूंची जमिनीची (ग्राउंडची) तार एकच असते, ती सुटली की दोन्ही ड्रायव्हर एकमेकांना जोडले जातात आणि कानात फक्त डाव्या-उजव्यातला फरक येतो. गायक दोन्हीकडे सारखाच रेकॉर्ड केलेला असतो, म्हणून तो कटून जातो. उपाय: जॅक पूर्ण आत गेला का पाहा, जाड कव्हरमुळे अर्धवट राहतो. होलमध्ये खिशातला बारीक बोळा साचलेला असेल तर फोन बंद करून लाकडी टूथपिकने काढा, टाचणी नको. तरी तसंच असेल तर जॅकपाशी वायर तुटली आहे. जुन्या माईकवाल्या हेडसेटमध्ये माईक आणि जमिनीची जागा उलटी असायची, ओएमटीपी म्हणतात त्याला, आताचे बहुतेक फोन सीटीआयए पद्धतीचे आहेत, तेव्हा फार जुना हेडसेट नव्या फोनला लावला तरी हेच होते, त्यासाठी छोटा कन्व्हर्टर मिळतो.

मीटिंग सुरू झाली की आवाज डबडा. लॅपटॉपवर गाणं झकास वाजून राहिलं, कॉल लागला आणि एकदम बंद दाराआडचा रेडिओ झाला. हेडफोन चांगला आहे, घाबरू नका. साध्या ब्लूटूथमध्ये चांगला स्टिरिओ आवाज आणि माईक दोन्ही एकदम चालत नाही, माईक उघडला की हेडफोन हँड्स-फ्री मोडमध्ये जातो आणि आवाजाचं सॅम्पलिंग, म्हणजे सेकंदाला त्याचे किती नमुने घेतले ते, ८ किंवा १६ किलोहर्ट्झवर येते. उपाय फुकट आहे: मीटिंगच्या ॲपमध्ये स्पीकर म्हणून हेडफोन ठेवा आणि माईक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माईक निवडा. काही ॲप मीटिंग संपल्यावरही माईक धरून ठेवतात, ते पूर्ण बंद करा. लॅपटॉप (किंवा फोन) आणि हेडफोन दोघांनाही एलई ऑडिओ, म्हणजे ब्लूटूथची नवी पद्धत, असेल तर एलसी३ कोडेकमुळे हा त्रास कमी होतो, पण दोन्हीकडे असावं लागते.

चार्जर लावला की घूंऽऽऽ. लॅपटॉपला वायरवाला हेडफोन किंवा स्पीकर, आणि चार्जर लावला की गुणगुण. चार्जर काढून बॅटरीवर चालवा, गुणगुण थांबली तर दोष बहुतेक अर्थिंगचा किंवा चार्जरचा. पत्र्याची बॉडी असलेल्या लॅपटॉपला हात लावला की मुंग्या येत असतील तर तेही त्यातलंच. आपल्याकडे हे उन्हाळ्यात वाढते, कारण अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि कोरडी माती करंट नीट जमिनीत जाऊ देत नाही. तीन पिनांचा चार्जर तीन पिनांच्याच सॉकेटमध्ये लावा, दोन पिनांचं जोड काढून टाका, आणि इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. हे हेडफोनसाठी नाही, घरातल्या माणसांसाठी करा, त्या कूलरच्या पत्र्यालाही तेच अर्थिंग आहे.

ब्लूटूथ तुटून राहिलं. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालते आणि जुनं वायफाय, मायक्रोवेव्ह हे सगळे त्याच रस्त्यावर आहेत. राउटरवर ५ गिगाहर्ट्झ असेल तर फोन त्यावर टाका. फोन मागच्या खिशात असेल तर पुढे घ्या, आपल्या अंगात पाणीच पाणी, ते हा सिग्नल अडवते. लॅपटॉपवर तुटत असेल तर यूएसबी ३ च्या पोर्टला लावलेली हार्ड डिस्क काढून पाहा, तिचा खरखराट पण याच पट्ट्यात पडतो, हे पुष्कळांना माहीतच नाही. दोन डिव्हाइसला एकदम जोडायचं मल्टिपॉइंट चालू असेल तर बंद करून पाहा. एलडॅक असेल तर ६६० वर आणा.

व्हिडिओत ओठ आधी हलतात. व्हिडिओ ॲप बहुतेक हा फरक स्वतः जुळवून घेतात, गेमला ते जमत नाही, तिथे गोळी आधी लागते आणि आवाज नंतर येतो. हेडफोनला गेम मोड असेल तर लावा, नसेल तर वायर.

आवाज एकूणच कमी. जाळी साफ, टिप बरोबर, तरी कमी असेल तर फोनमधली व्हॉल्यूम लिमिटची सेटिंग पाहा. अँड्रॉइडवर डेव्हलपर ऑप्शनमध्ये 'डिसेबल ॲब्सोल्यूट व्हॉल्यूम' असते, ते चालू करून फोन रिस्टार्ट केला की फोन आणि हेडफोनचा व्हॉल्यूम वेगवेगळा होतो. मात्र पहिल्यांदा गाणं लावताना व्हॉल्यूम खाली ठेवा, नाहीतर कान फुटेल.

दुरुस्त करायचं की नवीन घ्यायचं

वायरवाला हेडफोन जॅकपाशीच तुटतो. वाजवत असताना वायर जॅकजवळ हलवली की आवाज येतो-जातो, बस समजा तिथेच आहे. नवीन जॅक टाकून सोल्डर करणं स्वस्तात होते, बर्डीत मोबाईल रिपेअरवाले करून देतात. स्वतः करणार असाल तर ध्यानात ठेवा की आतल्या रंगीत बारीक तारांवर वार्निश असते, ते सोल्डरिंग आयर्नच्या गरम टोकाने जाळल्याशिवाय सोल्डर धरतच नाही. जास्त करून लाल उजवी, हिरवी किंवा निळी डावी, तांब्याच्या रंगाची जमीन, पण कापायच्या आधी मीटरने खात्री करा.

ओव्हर-इअरच्या गाद्यांची साल निघणं हे आपल्या घामात आणि उन्हात ठरलेलंच, नवीन गाद्या वेगळ्या मिळतात, वेलूरच्या (मखमलीसारख्या कापडाच्या) घेतल्या तर साल निघत नाही आणि कमी तापतात, पण बेस थोडा कमी होतो आणि बाहेरचा आवाज जास्त येतो. जाडी बदलली की आवाजही बदलतो, म्हणून त्याच मॉडेलच्या गाद्या पाहा.

खऱ्या वायरलेस बडचं मात्र अवघड आहे. आतली बॅटरी इवलीशी, चिकटवलेली, आणि दोन-तीन वर्षांत दम सोडते. मे महिन्यात पार्किंगमध्ये उभ्या कारच्या डॅशबोर्डवर डबी राहिली तर त्याच्या आधीच. वॉरंटी असेल तर उघडू नका, बिघाडाचा व्हिडिओ काढा, त्यात दुसऱ्या फोनवरही तोच दोष दाखवा, बिल आणि सिरियल नंबरचा फोटो जोडा आणि तक्रारीचा नंबर लिहून ठेवा. काऊंटरवर "आमच्याकडे तर वाजून राहिलं" असं म्हणतात तेव्हा तोच व्हिडिओ कामी येतो. वॉरंटी संपली असेल तर काही कंपन्या एकच बड किंवा नुसती डबी विकतात, ते आधी विचारा. काहीच होत नसेल तर घरच्या कचऱ्याच्या गाडीत टाकू नका, आतली लिथियमची बॅटरी दाबली गेली तर पेट घेऊ शकते, ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.